फ्रीजवरचा आळ

द्राक्षं गोठवण्याची माझी पद्धत आधी सांगते, म्हणजे पुढचं पाप कसं घडलं ते नीट कळेल.

एप्रिलच्या तोंडावर पिंपळगावहून सासूबाईंच्या भावाकडून द्राक्षांची शेवटची पेटी येते. तोवर आम्ही नाशिककर द्राक्षांना इतके विटलेले असतो की कुणी पेटी घेऊन फाटकाशी दिसलं तर घरात नसल्याचं सोंग करावंसं वाटतं. पण ही शेवटची द्राक्षं वेगळी असतात. पिवळसर, देठाशी जरा सुरकुतलेली आणि आतून नुसती साखर. ती घडावरून काढायची, मिठाच्या पाण्यात धुवायची, पुसून ताटलीत पसरायची आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. सकाळपर्यंत त्यांच्या गोट्या होतात. मग पुदिना, लिंबू, काळं मीठ घालून मिक्सरमधून काढायची आणि गाळायची. इथपर्यंत हे बालवाडीतल्या पोराच्या हातात द्यावं असं सरबत असतं. यानंतर मी स्वयंपाकघराच्या दाराला कडी घालते आणि त्यात वाइन ओतते.

कडी घालते, कारण घरात सासूबाई आहेत.

ओतून झालं की सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जातं. दर तासाला काट्याने खरवडायचं, की भुसभुशीत बर्फाळ लगदा तयार होतो. शनिवारी ऊन उतरलं की आम्ही चार जोडपी गच्चीवर जमतो, पाणी मारून गार केलेल्या फरशीवर सतरंज्या टाकतो आणि स्टीलच्या वाट्यांतून चमच्याने कॉकटेल खातो. होय, खातो. 'पितो' म्हणायला आमच्यातल्या कुणाचीच जीभ रेटत नाही. द्राक्षाचा डबा माझ्याकडे आणि कलिंगडाचा शेजारच्या सुनेकडे, अशी वाटणी ठरलेली. तिच्या डब्यात व्होडका असते, कारण ती माझ्याहून धीट आहे. खाली दोन्ही घरांत सांगितलेलं असतं, 'फळांचा कार्यक्रम आहे.' आणि ते खोटं नव्हतं. फळं असायचीच.

सासूबाईंना अॅसिडिटी आहे. म्हणून माझ्या डब्यावर मी ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली होती: 'आंबट द्राक्षं. अॅसिडिटी असणाऱ्यांनी खाऊ नयेत.' ही युक्ती सुचली तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. त्यांनी डबा कधी चाखला नाही. पण चाखण्याशिवायही डब्याचं काहीतरी करता येतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सासूबाई अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होत्या. मोटारींच्या तांब्याच्या कॉइल त्यांच्या टेबलावरून पास होऊनच पुढे जायच्या. त्यांनी 'रिजेक्ट' म्हटलं की सुपरवायझरसुद्धा वाद घालायचा नाही, असं त्या सांगतात. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, कारण माझ्या पोळ्याही त्याच टेबलावरून जातात.

आणि फ्रीज त्यांचा. एका दरवाजाचा, मरून रंगाचा, माझ्या नवऱ्यापेक्षा आठच वर्षांनी लहान. 'माठ आहे की घरात,' असं सासरे म्हणत असताना त्यांनी तो स्वतःच्या दिवाळी बोनसमधून आणला. दुकानदार म्हणाला, टेम्पोत आडवा टाकू. त्या म्हणाल्या, उभाच जाईल. आणि मेन रोडवरून घरापर्यंत टेम्पोच्या हौद्यात त्या स्वतः उभ्या राहिल्या, फ्रीजला मिठी मारून. दसऱ्याला या घरात पुस्तकांच्या आधी फ्रीजला हळदकुंकू लागतं. दर एकादशीला त्याचा बर्फ उतरवतात, कारण उपासामुळे त्या दिवशी आत भांडी कमी असतात. फ्रीजचीही एकादशी, असं मी एकदा म्हणाले होते. त्या हसल्या नव्हत्या.

तर त्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी त्यांनी दुधाच्या पिशव्या ठेवायला फ्रीज उघडला आणि बर्फाच्या कप्प्यातला, आदल्या संध्याकाळी उरलेला माझा डबा सहज दाबून पाहिला. तो दबला.

"अगं, हा कालपासून आत आहे ना?"

"हो आई."

"मग गोठला का नाही?"

मी नववीला विज्ञान शिकवते. पाण्यात काही मिसळलं की त्याचा गोठणबिंदू खाली जातो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. पण त्या सकाळी माझ्या तोंडून जे निघालं, ते नववी नापासाचं होतं. "दार नीट लागलं नसेल," मी म्हणाले.

सासूबाईंनी दार तपासलं. दार आणि चौकट यांच्यात कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. पट्टी घट्ट होती. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी कॅलेंडरवर लिहिलं: 'फ्री. डबा मऊ.' पुढच्या रविवारी पुन्हा: 'फ्री. मऊ. बटण ५ वर.' त्यांच्या हे लक्षात येईना की कप्प्यात माझ्या डब्याखेरीज गोठायला दुसरं काही नव्हतंच. बर्फाचे ट्रे मीच काढून माळ्यावर टाकले होते, जागा व्हावी म्हणून. तो उन्हाळा नाशिकमध्ये फार तापला होता आणि डबा मोठा लागत होता.

मेकॅनिक आला. सटाण्याकडचा, गळ्यात मफलर, एप्रिलमध्येसुद्धा. त्याने मागून कॉम्प्रेसरला कान लावला, पुढून कप्प्यात हात घातला, डब्याचं झाकण उघडलं आणि नाक आत नेलं. मग मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंच्या पाठीमागे उभी होते. तिथूनच मी त्याला हात जोडले.

तो भला माणूस होता. त्याने झाकण लावलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "मावशी, आज काय सांगता यायचं नाय. आठ दिस बघा." मग पन्हं प्यायला, पैसे नको म्हणाला. मी फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा चपला घालता घालता म्हणाला, "ताई, मशीन लय चांगलं हे. त्याच्यावर आळ घेऊ नका, पाप लागतं."

मला खरोखरच पाप लागल्यासारखं झालं. पण नवऱ्याला काही तसं झालं नाही. त्याला गेली सहा वर्षं दोन दरवाजांचा फ्रीज हवा होता. "होऊ दे ना," तो मला कानात म्हणाला, "आयता मुहूर्त आलाय." आणि बाहेर जाऊन मोठ्याने, "आई, तरी मी म्हणतच होतो. आता याचे पार्टही मिळत नाहीत. अक्षय्य तृतीयेला जुना देऊन नवा घेऊ." मी गप्प बसले. खरं सांगायचं तर गप्प बसण्यात माझाही मतलब होता. दोन दरवाजे म्हणजे वरचा अख्खा कप्पा बर्फाचा. मला तिथे चार डबे दिसत होते.

सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि कॅलेंडरवर अक्षय्य तृतीयेच्या चौकोनात लिहिलं: 'फ्री. बाद.' अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं. फक्त पेन निळं होतं.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांच्या स्वभावात नाही. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे मोठं असतं. सगळ्या कॉलनीतल्या बायका येतात, आणि पन्ह्यात पडणारे सासूबाईंचे बर्फाचे खडे ठरलेले असतात. प्रत्येक खड्यात एक पुदिन्याचं पान. बायका ते पान येईपर्यंत खडा चघळत बसतात. या वर्षी सासूबाई माळ्यावरून काढलेले रिकामे ट्रे घेऊन शेजारच्या काकूंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आमचा फ्रीज गेला. एवढे तुमच्याकडे लावता का?"

शेजारच्या काकू म्हणजे धीट सुनेच्या सासूबाई. त्यांच्याकडे दोन दरवाजांचा चंदेरी फ्रीज आहे आणि तो बोलण्यात दिवसातून दोनदा तरी येतो. "द्या की," त्या म्हणाल्या, "आमच्या फ्रीजला तुमच्यासारखा बर्फ उतरवावा लागत नाही हो. आणि तुम्ही तरी किती दिवस ते जुनं धूड सांभाळलंत!" संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला खबर गेली. जिना उतरताना, भाजीच्या गाडीवर, देवळात बायका सासूबाईंना थांबवून विचारू लागल्या, "गेला का हो फ्रीज?" आणि त्या "हो, वय झालं होतं" असं म्हणत राहिल्या.

चैत्रातली दुसरी एकादशी आली. मी शाळेतून घरी आले तेव्हा सासूबाई फ्रीजसमोर पाटावर बसल्या होत्या. सगळं सामान बाहेर काढलेलं, बर्फ उतरवलेला, आणि हातात जुना टूथब्रश. दाराच्या रबराच्या घड्यांतली काळी रेघ सोड्याच्या पाण्याने घासत होत्या. भांड्यांच्या गर्दीत माझा डबा खाली फरशीवर ठेवला होता, चिठ्ठीसकट.

"आई, कशाला त्रास घेताय? ते लोक भंगारातच टाकणार."

"टाकू देत. पण घाणेरडा म्हणून नको जायला." त्या घासत राहिल्या. "तुला सांगते, हा घरात आला त्या दिवशी मी पहिल्यांदा रात्रीची भाजी सकाळी टाकली नाही. डब्यात नेली. कंपनीत सगळ्यांना सांगितलं, कालची आहे, वास घेऊन बघा." मग खालच्या रबराकडे वळल्या. "शेवटी शेवटी बिचाऱ्याची ताकद गेली. चालायचंच."

बिचाऱ्याची म्हटल्यावर माझ्याने राहवेना.

"आई, फ्रीज बिघडलेला नाही."

"वाईट वाटतंय तुला, कळतंय मला."

"तसं नाही. त्या डब्यात वाइन आहे. वाइन घातली की ते दगडासारखं गोठत नाही. कुठल्याच घरगुती फ्रीजमध्ये गोठणार नाही. हा चांगला आहे."

ब्रश थांबला. त्यांनी ओले हात पदराला पुसले, डबा उचलला, झाकण काढलं, वास घेतला, झाकण लावलं. मग चौकशी सुरू झाली, आवाज न चढवता.

"कधीपासून?"

"हे तिसरं वर्ष."

"दर शनिवारी?"

"उन्हाळ्यातल्या."

"आणि त्याला ठाऊक होतं?"

एकटीने बुडायचा माझा अजिबात विचार नव्हता. "त्यालाच दोन दरवाजांचा हवा होता," मी म्हणाले.

मी वाट बघत होते, आता दारूवरून बोलतील. घराणं, संस्कार, मास्तरीण असून, असं काहीतरी. त्याची उत्तरंही माझ्याकडे तयार होती. द्राक्षं तुमच्या भावाची, वाइन आपल्या मातीतली, आणि आम्ही काही गटारात पडत नाही. सासूबाई त्यातलं काही बोलल्या नाहीत. डब्याकडे बघत म्हणाल्या,

"बावीस वर्षं मी आधी माल तपासला आणि मग मशीन. एकदासुद्धा उलटं केलं नाही. इथे महिनाभर मशीन तपासत बसले, मालाकडे बघितलंसुद्धा नाही. का, माहीत आहे? माल तू दिला होतास."

मी खाली बसले आणि रडले, त्या ओल्या फरशीवर, भांड्यांच्या मध्ये. त्यांनी मला रडू दिलं. मग ब्रश माझ्या हातात दिला आणि राहिलेलं रबर दाखवलं.

"प्यायचं तर प्या, लहान नाही तुम्ही," त्या उठत म्हणाल्या. "पण मी सगळ्या कॉलनीला सांगितलंय की फ्रीज गेला. आता शुक्रवारी हळदीकुंकवाला तू सगळ्यांसमोर सांगायचं, फ्रीज चांगला आहे."

"सांगते, आई."

"कारणासकट."

"कारण कशाला? नुसतं चांगला आहे म्हटलं तरी..."

"रिपोर्टमध्ये कारणाचा रकाना मोकळा ठेवत नाहीत."

नवऱ्याने नवा फ्रीज रद्द केल्याचा फोन लावला, आणि शुक्रवारी 'बायकांच्या कार्यक्रमात माझं काय काम' म्हणून दुपारपासून गायब झाला. शेजारच्या सुनेला मी आदल्या दिवशी जिन्यात गाठून सगळं सांगितलं. तिचा रंगच उडाला. "तुझं नाव घेणार नाही," मी शपथ घेतली. आणि मी ती पाळली, हे इथे नोंदवून ठेवते.

शुक्रवारी घर भरलं. गौर पितळी पाळण्यात, समोर कलिंगडाचं कापलेलं कमळ, बत्ताशांच्या माळा, आंब्याची डाळ, ओटीचे भिजवलेले हरभरे. मोगऱ्याचा वास. पन्ह्यात पुदिन्याच्या पानाचे खडे तरंगत होते, आमच्याच फ्रीजमधले, काचेसारखे टणक. सासूबाईंनी शेजारी दिलेले ट्रे रिकामेच परत आणून रात्रीच घरी लावले होते. शेजारच्या काकूंनी पहिला खडा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "अगंबाई, फ्रीज गेला होता ना तुमचा?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अत्तरदाणी होती. मी ती खाली ठेवली. शाळेत चाळीस पोरांसमोर उभी राहते तशी मी उभी राहिले.

"फ्रीज गेलेला नाही," मी म्हणाले. "फ्रीज उत्तम आहे. मी द्राक्षाच्या डब्यात वाइन घालून ठेवत होते, म्हणून तो डबा गोठत नव्हता. आईंना माहीत नव्हतं. त्यांनी फ्रीजला दोष दिला आणि मी देऊ दिला. चूक माझी आहे, फ्रीजची नाही."

कुणीतरी डाळीचा चमचा वाटीत ठेवला. एका आजींनी शेजारणीला "काय घालून म्हणाली?" असं विचारलं आणि शेजारणीने ते त्यांच्या कानात सांगितलं. आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पन्ह्याचा पेला जरा लांब धरून पुन्हा एकदा हुंगला. सासूबाई ताठ बसल्या होत्या. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांची मान पूर्वीसारखी वर होती, आणि ती बघून मला इतकं बरं वाटलं की आता कुणी काय म्हणतंय याची फिकीरच उरली नाही.

पण कुणी काही म्हणालंच नाही. कारण शेजारच्या काकू तोंडातला खडा गालात सारून, विचारात पडल्यासारख्या बोलू लागल्या होत्या.

"म्हणजे बघा, गंमतच आहे. आमचा इतका नवा फ्रीज, पण महिनाभर त्यात कलिंगडाचा डबा काही केल्या गोठत नाहीये. मला वाटलं, गॅस गेला. सोमवारी माणूस बोलावलाय..."

बोलता बोलता त्यांचा आवाज हळू झाला. मग त्या थांबल्या. मग त्यांनी मान वळवली. त्यांची सून कोपऱ्यात बसून हरभऱ्यांच्या ओटीत काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होती.

"माणूस बोलावू नका," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आधी माल तपासा." आणि काकूंच्या वाटीत आणखी एक चमचा डाळ वाढली.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी भांडी आवरत होते. सासूबाईंनी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि फ्रीजच्या मरून दारावर एक टिकली लावली, दसरा नसताना. मग माझा डबा बाहेर काढला. माझी अॅसिडिटीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. नवी पट्टी चिकटवली आणि लाल पेनाने, इन्स्पेक्शनच्या अक्षरात, तिच्यावर लिहिलं: 'वाइन. गोठत नाही. मशीन ओके.' खाली सही केली आणि डबा परत आत ठेवला, बर्फाच्या ट्रेच्या शेजारी.